आरतीचे नारळ आणि घरचा चॉकलेट केक

(गणेशोत्सवातील महिलांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बऱ्याच जणींनी कृती मागितल्यामुळे मापांसह येथे देत आहोत.)

गणपती बाप्पा मोरया!



भाषण करायची मला सवय नाही. समितीच्या वहिनींनी फोन करून सांगितलं, "तुमच्या त्या खोबऱ्याच्या केकबद्दल बोला." मी म्हटलं, अहो, गणपतीसमोर केकवर काय बोलायचं? बोलायचं तर मोदकांवर बोलावं. त्या म्हणाल्या, "मोदक सगळ्यांना येतात. आरतीच्या नारळांचं काय करायचं ते मात्र कुणालाच सुचत नाही." हे म्हणणं मला पटलं, म्हणून आज उभी आहे.

दरवर्षीचं चित्र आठवा. सकाळची आरती, संध्याकाळची आरती, मध्ये कुणाचा नवस, कुणाचं नवीन दुकान. नारळ फुटतच असतात. पहिल्या दिवशी प्रसाद वाटतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या पिशवीत दोन दोन वाट्या येतात. तिसऱ्या दिवशी "वहिनी, तुम्हीच न्या हो" असं सुरू होतं. पाचव्या दिवशी कोपऱ्यातल्या टोपलीला आंबूस वास यायला लागतो. देवापुढे फोडलेला नारळ असा वाया गेलेला बघवत नाही. आपण करंज्या करतो, वड्या करतो, चटणीला वापरतो, तरी नारळ उरतातच. त्या उरलेल्या खोबऱ्याचा एक उपयोग मी सांगणार आहे. पण त्याआधी हा केक आमच्या घरात कसा आला ते सांगते, कारण तो सहज आला नाही.

आमचं कुटुंब विट्याकडचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे की खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं सोने-चांदी गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पांगली. गावाकडे पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून एक भाऊ शेतीवर राहायचा आणि दुसरा मुलखाबाहेर पडायचा. माझे सासरे असेच आधी म्हैसूरला आणि मग इकडे सरगूरला आले. तेव्हा सरगूर हेग्गडदेवनकोटे तालुक्यातलं एक गाव होतं. आता ते स्वतःच तालुका झालं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. कपिला नदी, चिक्कदेवम्माचा डोंगर, सगळीकडे माड, सगळं छान होतं. पण दुकानात जाऊन चार जिन्नस मागायचे म्हटलं तरी घाम फुटायचा.

एक गंमत सांगते. दुकानदार मला म्हणाला, "गोडंबी बेका?" मी घाबरलेच! आपल्याकडे गोडंबी म्हणजे बिब्ब्याची बी. मी मान हलवून नको म्हटलं आणि काजू न घेताच घरी आले. नंतर शेजारच्या अक्कांनी हसत हसत सांगितलं की इकडे काजूलाच गोडंबी म्हणतात. खोबऱ्याला मात्र इकडे कोब्बरी म्हणतात. तो शब्द ऐकला आणि परमुलखात एक नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.

तर केक. आमच्या सासूबाईंचा केकला विरोध होता. अंडं घातलेली वस्तू देवघर असलेल्या घरात यायची नाही, हा त्यांचा नियम. माझी मुलगी सात वर्षांची होणार होती. शाळेतल्या मैत्रिणींचे वाढदिवस ती बघून आली होती. तिने हट्ट धरला. मी शिरा करते म्हटलं, गुलाबजाम करते म्हटलं. ती रडून झोपली. झोपण्याआधी तिने मला जे सांगितलं ते कन्नडमध्ये सांगितलं. "आपल्या घरात मजा नसते," असा त्याचा अर्थ होता. रागावली की ती कन्नडमध्ये बोलायची. हळूहळू न रागावताही कन्नडमध्येच बोलायला लागली होती. आजीशी तर तिचं बोलणंच कमी झालं होतं. आजीला कन्नड बाजारापुरतं येत होतं आणि नातीला मराठी जेवणापुरतं.

त्याच वर्षी सासरे गेले होते. सासूबाईंनी स्वयंपाकघरात येणं सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. "मला गावाला न्या," एवढंच म्हणायच्या. गावाकडचं घर पडून गेलं होतं. नेणार कुठे?

मी ठरवलं, बिनअंड्याचा केक करायचा. घरात ओव्हन नव्हता. एका मासिकातून कापून ठेवलेली कृती होती. त्यात घरचं दही होतं आणि केक कुकरमध्ये करायचा होता. त्यात मी आपल्या मनाने ओलं खोबरं घातलं. पहिला केक अगदी फसला. वरून फुगला, आतून गिच्च राहिला. दुसरा केक मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघितला, तो मध्ये खड्डा पडून बसला. तिसरा विटेसारखा झाला. मैदा, साखर, तेल, सगळं वाया जात होतं आणि वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

तेव्हा सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "खोबरं ओलंच घालतीस का गं त्यात? पाणी सुटणार की. करंजीला आधी परतून घेत न्हाईस का?"

किती साधी गोष्ट! आणि ती त्यांना अंथरुणावरून कळली, मला चुलीपाशी उभी राहून कळली नाही. ओल्या नारळात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते पाणी केकच्या पिठात उतरलं की मधला भाग शिजतच नाही. मी खवणी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "आई, मग तुम्हीच खवून द्या. मला बारीक येत नाही." हे खोटं होतं, मला येत होतं. पण त्या उठल्या. पाय दुमडून खवणीवर बसल्या आणि नारळ खवायला लागल्या. मुलगी शेजारी जाऊन बसली. "आजी, ह्याला काय म्हणायचं?" "खवणी." "आणि ह्याला?" "करवंटी. आन् हा कीस." इकडे खवणीला तुरेमणे म्हणतात, तो शब्द तिला येत होता. आपला शब्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

चौथा केक चांगला झाला. सासूबाईंनी आधी विचारलं, "अंडं न्हाई ना?" मग चिमूटभर खाल्ला. मग म्हणाल्या, "साखर जास्त झाली." आमच्या घरात ही मोठी शाबासकी समजतात.

आता कृती सांगते. वह्या काढल्या असतील त्यांनी लिहून घ्या.

सगळ्यात आधी मापाबद्दल. प्रत्येकीच्या घरची वाटी वेगळी असते आणि केक बिघडण्याचं ते पहिलं कारण आहे. भाजीत अंदाज चालतो, केकमध्ये चालत नाही. म्हणून एकच कप ठरवा, २४० मिलिलिटरचा, आणि सगळं त्याच कपाने मोजा. वजनकाटा असेल तर फारच छान.

साहित्य असं. मैदा सव्वा कप, म्हणजे साधारण १५० ग्रॅम. कोको पावडर पाव कप, २५ ग्रॅम. साखर १६० ग्रॅम, दळून घेतलेली. ताजं, आंबट नसलेलं घट्ट दही एक कप. वास नसलेलं तेल अर्धा कप धरा, म्हणजे १०० ते १२० मिलिलिटर. बेकिंग पावडर सव्वा चमचा आणि खायचा सोडा अर्धा चमचा. हा चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा, काठोकाठ सपाट केलेला. चिमूटभर मीठ. व्हॅनिला इसेन्स एक चमचा. परतलेलं खोबरं अर्धा कप. काजू, बदाम, अक्रोड यातलं जे असेल ते बारीक तुकडे करून अर्धा कप. काही नसेल तर भाजून सोललेले शेंगदाणे चालतात, आणि ते कोकोबरोबर फार छान लागतात. पीठ सैल करायला लागलं तर दोन-चार चमचे दूध.

पहिली पायरी खोबऱ्याची. आरतीचा नारळ फोडल्यावर त्याच दिवशी खवा. पाठीचा काळा भाग घेऊ नका, पांढरंच घ्या. वास घेऊन बघा. आंबूस वास असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल किंवा गुलाबी झाक आली असेल तर ते खोबरं टाकून द्या, मोह करू नका. चांगलं खोबरं कढईत अगदी मंद आचेवर परता. तूप-तेल काही नको, त्याचं स्वतःचं तेल पुरतं. रंग बदलू द्यायचा नाही. हाताला कोरडं, मोकळं लागलं की उतरवा आणि पूर्ण गार करा. असं परतलेलं खोबरं डबा बंद करून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतं, बर्फाच्या कप्प्यात आणखी जास्त. म्हणजे दहा दिवसांचे नारळ रोजच्या रोज परतून ठेवायचे आणि विसर्जनानंतर सवडीने वापरायचे.

दुसरी पायरी. काजू-बदाम थोडे भाजून घ्या, गार झाल्यावर एक चमचा मैद्यात घोळवा. त्यामुळे ते पिठात तळाशी बसत नाहीत.

तिसरी पायरी. भांडं आधी तयार करा. सात इंची गोल डबा घ्या, तेलाचा हात फिरवा, तळाला कागद घाला. पीठ कालवल्यावर भांडं शोधत बसायचं नाही. का, ते पुढे सांगते.

चौथी पायरी. मैदा, कोको, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करून तीनदा चाळा. कोकोच्या गुठळ्या राहतात, त्या चाळणीतच मोडायच्या.

पाचवी पायरी. दही आणि साखर एकत्र फेटा. साखर विरघळली की तेल आणि इसेन्स घालून पुन्हा फेटा. इथे हवा तेवढा जोर लावा.

सहावी पायरी. आता चाळलेलं पीठ दोन-तीन वेळा करून घाला आणि हलक्या हाताने, खालून वर, कालवा. इथे जोर लावायचा नाही. मैदा ओला झाल्यावर जितका घोटाल तितका त्याला चिवटपणा येतो. पोळीच्या कणकेला तो चिवटपणा हवा असतो, केकला नको असतो. माझा तिसरा केक विटेसारखा झाला तो याच कारणाने. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. शेवटी खोबरं आणि काजू-बदाम घाला. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा जरा दाट हवं.

सातवी पायरी, ताबडतोब भाजायला ठेवा. सोडा आणि दह्याचा आंबटपणा एकत्र आला की लगेच वायू तयार व्हायला लागतो. त्याच बुडबुड्यांनी केक फुगतो. पीठ कालवून आपण फोनवर बोलत बसलो तर बुडबुडे निघून जातात आणि केक चपटा राहतो. भांडं आधी तयार ठेवायचं ते यासाठी. सोडा किंवा बेकिंग पावडर जुनी असेल तरी हेच होतं. बेकिंग पावडर तपासायला अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, फसफसून आली तर चांगली. सोड्यावर लिंबू पिळून बघा.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर आधी दहा मिनिटं तापवून घ्या आणि ३५ ते ४० मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जुनं, जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं मोठं पातेलं किंवा वापरातून गेलेला कुकर घ्या. नव्या कुकरवर हा प्रयोग करू नका, पाण्याशिवाय तापवून तो खराब होतो. कुकर घेतलात तर शिटी आणि रबर दोन्ही काढायचंच, हे विसरू नका. तळाला दोन बोटं जाड मीठ पसरा, त्यावर जाळी किंवा छोटी ताटली उपडी ठेवा. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग केकचा डबा आत ठेवा, आच मंद करा आणि ४५ ते ५५ मिनिटं ठेवा. पहिली ३५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. केक आतून पक्का झालेला नसताना गार हवा लागली की तो बसतो. नंतर मध्यभागी सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. ते मीठ गार करून बरणीत भरून ठेवा. स्वयंपाकाला चालणार नाही, पण पुढच्या केकला पुन्हा चालेल.

आठवी पायरी सगळ्यात कठीण आहे, थांबणं. डब्यात दहा मिनिटं, जाळीवर तासभर. गरम केक कापला तर त्याचा चुरा होतो. आमच्या घरात या एका तासात सगळ्यात जास्त भांडणं होतात.

दोन सूचना. वाटण्याआधी केकमध्ये दाणे, काजू, बदाम आहेत हे सगळ्यांना सांगा. काही मुलांना त्यांची खरोखरच बाधा होते. अगदी लहान मुलांसाठी तुकडे न घालता वेगळा छोटा केक करा. आणि ताज्या खोबऱ्याचा केक दोन दिवसांत संपवा, उरला तर फ्रीजमध्ये ठेवा.

कुणी म्हणेल, केक ही परकी वस्तू, ती गणपतीत कशाला? नैवेद्य मोदकांचाच, त्यात बदल नाही. केक हा नंतरचा खाऊ. पण तो आता तितका परका राहिलेला नाही. आपल्या सरगूरहून वायनाडचा घाट उतरलं की खाली केरळात तलश्शेरी आहे. तिथल्या मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने १८८३ साली ब्राउन नावाच्या इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक करून दिला, असं सांगतात. गोव्यात रवा आणि नारळ घालून केलेला बात आजही घरोघर होतो. कोको पावडर आली हॉलंडकडून. व्हॅन हाउटेन यांनी १८२८ मध्ये कोकोतलं लोणी दाबून काढायची युक्ती शोधली, तेव्हापासून अशी पावडर मिळू लागली. आणि आज हाच कोको आपल्या कर्नाटकात पिकतो. दक्षिण कन्नडमध्ये सुपारी आणि नारळाच्या बागांत, त्यांच्या सावलीला कोकोची झाडं लावतात. मंगळूरची कॅम्पको ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९७३ साली सुरू झाली, आणि १९८६ पासून पुत्तूरला तिचा चॉकलेटचा कारखाना आहे. म्हणजे नारळ आणि कोको बागेत आधीपासून शेजारी आहेत. आपण त्यांना फक्त एका डब्यात घालतो.

मुलींसाठी आणखी एक सांगते. म्हैसूरला १९५० सालापासून केंद्र सरकारची अन्न संशोधन संस्था आहे, सीएफटीआरआय. तिथे बेकरीचं शास्त्र हा स्वतंत्र विभागच आहे. कुणाला या कामात आवड वाटली तर अभ्यासाची जागा दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. घरबसल्या चार केक विकायचे असतील तर अन्न परवान्याची नोंदणी मात्र आधी करून घ्या.

शेवटचं सांगते आणि थांबते.

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. दर वाढदिवसाला खोबरं त्यांनीच खवलं. शेवटी शेवटी त्यांना नावं आठवेनाशी झाली. मला त्या कधी धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या, कधी अक्का म्हणायच्या. पण खवणी पुढे ठेवली की हात बरोबर चालायचा, काळ्या पाठीपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. गावाला न्या, असं त्या नंतर म्हणेनाशा झाल्या. विसरल्या म्हणून, की इथलं घर आपलं वाटलं म्हणून, ते मला कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.

मुलगी आता बंगळूरला नोकरी करते. तिच्याकडे मोठा ओव्हन आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, "आई, खोबऱ्याचा कीस किती परतू?" एवढंच विचारलं. तिने 'कीस' म्हटलं, हे तिच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ तशीच ओट्यापाशी उभी राहिले.

आपण सगळे धंद्यासाठी, नोकरीसाठी इथे आलो. कुणी दुकानात आहे, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत. मुलांना कन्नड उत्तम यायलाच हवं, या मातीचं आपण खातो. पण मराठी त्यांना पुस्तकातून येणार नाही आणि 'मराठीत बोल' असं दटावूनही येणार नाही. हाताला काम दिलं आणि शेजारी बसवलं की येते. म्हणून माझी समितीला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी आरतीचे नारळ एका टोपलीत न टाकता रोज दोन घरांना वाटून द्यावेत. त्या घरातल्या आजीने किंवा आईने मुलांना घेऊन ते खवावेत, परतावेत. आणि विसर्जनानंतरच्या रविवारी सगळ्यांनी मिळून केक करावा. शेजारच्या अक्कांनाही बोलवावं. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून सांभाळून घेतलं आहे.

केक फसला तर फसू द्या. माझे तीन फसले होते.

पुढे टेबलावर दोन केक ठेवले आहेत. एकात काजू आहेत, दुसऱ्यात काहीच नाही, तो लहानांसाठी. अंडं कशातच नाही. आणि साखर या वेळी कमी घातली आहे.

गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!